वाघाच्या कपाळावरचं टेंगूळ

२ ऑक्टोबर, सोमवार

बियाण्याच्या दुकानदारानं जानेवारीत ह्यांना दिलेली ही डायरी नऊ महिने कपाटावर पडून होती. आज पुसून खाली घेतली. मनातलं कुठंतरी ओतायला पाहिजे. ह्यांना सांगावं तर ह्यांना वाईट वाटतं, आणि आत्यांना सांगावं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या येडशीला माहीत होतं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, कडूबाई. चाळीस वर्षं गावोगाव बांगड्या भरत फिरल्या, त्यामुळं इकडची बातमी तिकडं पोचवणं अंगात भिनलंय.

तर झालंय असं. स्टेशनकडं जाताना आमचं रेडियमचं दुकान आहे. गाडीवर नाव, ट्रॅक्टरवर 'आईचा आशीर्वाद', जीपच्या काचेवर मोर, असलं सगळं चिकटवायचं काम. आणि आमचे हे, बालाजी, हातानं असे की चालत्या जीपवर सरळ रेघ मारतील. ऑगस्टमध्ये एका काचेच्या दाराला स्टिकर लावताना स्टूल घसरलं, काच फुटली आणि उजवं मनगट चिरलं. जीव वाचला ही आई भवानीची कृपा. बँडेज गेल्या आठवड्यात निघालं. धाराशिवच्या डॉक्टरांकडं हे एकटेच गेले होते. आल्यावर म्हणाले, "आराम सांगितलाय थोडा." बोटं अजून वळत नाहीत. होईल हळूहळू.

आज दुकानात दिग्विजयदादा आले. हायवेला येरमाळ्याच्या बाजूनं नवं मोठं हॉटेल होतंय ना, त्याचे मालक. पुण्यात शिकून आलेत. जेवणाच्या हॉलशेजारी पोरांसाठी गेमची खोली करायची म्हणतात. माणसापेक्षा उंच अशा आठ पेट्या, आत पडदा, पुढं दांडी आणि बटणं, आणि पेटीच्या दोन्ही अंगांना वरपासून खालपर्यंत एकच अखंड चित्र, झेप घेणारा वाघ. सहा फुटांचा एकेक स्टिकर. सुरकुती नको, फुगा नको.

हे म्हणाले, "होतंय की. दसऱ्याच्या आत देतो."

दादांनी ह्यांच्या हाताकडं बघितलं. "पण करणार कोण?"

"घरचंच माणूस हाय."

कोण आलंय म्हणून मी मागं वळून बघितलं. मागं भिंत होती.

पहिली पेटी पसंत पडली तर आठही आमच्या, नाही तर सोलापूरहून माणसं येणार. बालाजीचा हात गेला, दुकान गेलं, असं लोक म्हणायला लागलेतच. हे कामही सोलापूरला गेलं तर त्यांचं खरं होईल. मी एवढंच ठरवलंय, ह्यांचा हात बरा होईपर्यंत दुकान जागं ठेवायचं. मग त्यांचं ते बघतील, मी माझ्या भाकरीला मोकळी.

४ ऑक्टोबर, बुधवार

फ्रिज, धान्याची कोठी आणि आत्यांची ट्रंक, सगळ्यांना रद्दीतलं स्टिकरचं विनाइल लावून झालं. फ्रिज गोवर उठल्यासारखा दिसतोय.

हे खाटेवर बसून शिकवतात. आधी साबणाच्या पाण्याचा हलका फवारा, म्हणजे स्टिकर जागच्या जागी सरकवता येतो. मग वरचा चार बोटं कागद सोडवायचा, तेवढंच चिकटवायचं, मग कागद थोडा थोडा खाली ओढत कापड लावलेल्या पट्टीनं पाणी आणि हवा बाहेर काढत यायचं. "मधून बाहेर! मधून बाहेर गं, कडंनं आत न्हाय!" असं दिवसातून शंभरदा. शिकवताना डावा हात हवेत फिरवतात. उजवा मांडीवर.

माझा जोर जास्त पडतो. पट्टी दाबली की स्टिकर ताणतो आणि सुरकुती धरतो. आत्या दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "जोर लावून कधी बांगडी भरती का? हात पिळला की बांगडी फुटती. बाईला बोलण्यात गुंतवायचं. हात सैल पडला की बांगडी आपसूक जाती."

"आत्या, स्टिकरला काय बोलण्यात गुंतवू?"

"त्याला न्हाय. तुझ्या हाताला गुंतव."

मग मी पाढे म्हणायला लागले. लग्नाआधी दोन वर्षं बालवाडी शिकवली, पाढे अजून तोंडावर आहेत. आणि काय सांगू, सतराच्या पाढ्यात कोठीच्या झाकणावर अर्धा हात विनाइल बिनसुरकुतीचं बसलं! ह्यांनी बोट फिरवून बघितलं. मग चहा परत मागितला, म्हणजे पसंत.

नंतर आत्यांनी ह्यांचा उजवा हात मांडीवर घेतला, बांगडी भरताना घेतात तसा. बोटं एकत्र धरून दाबली, सोडली, परत दाबली. मग उठून अंगणात गेल्या आणि बराच वेळ आत आल्या नाहीत. दुपारचं ऊन सोसत नाही तरी बाहेरच बसायचं. सांगून उपयोग नाही.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

एक गंमत सापडली. डायरी चुकून उलटी उघडली तर शेवटच्या पानावर पेन्सिलीनं वेडीवाकडी अक्षरं! अ, आ, क, क, क. एकेक अक्षर मुठीएवढं, सगळी ओळ सोडून उताराला लागलेली.

आत्या! सत्तराव्या वर्षी लिहायला शिकतायत, तेही चोरून. बचत गटात अंगठा देताना त्यांना कसंनुसं होतं हे मला ठाऊक आहे. मला इतकं भरून आलं. उघड काही बोलायचं नाही, लाजतील. मी फक्त वर सुबक अक्षरात लिहून ठेवलं, 'कडूबाई'. बघू गिरवतात का.

८ ऑक्टोबर, रविवार

गिरवलंय! दहा वेळा 'कडूबाई'. मी लाल पेननं 'छान' लिहिलं आणि ड नीट काढून दाखवला.

आज पेट्या बघायला हॉटेलवर गेले. लोहाऱ्याच्या गुंडाप्पा मिस्त्रींनी केल्यात. साठीचे आहेत, बोलतात कमी. आठ पेट्या पांढऱ्या रंगात भिंतीशी ओळीनं उभ्या, शाळेत प्रार्थनेला पोरी उभ्या राहतात तशा. मी गुंडाप्पा मामांना म्हटलं, नव्या वस्तूला असं कोरडं हात लावायचा नाही. आत्यांनी पिशवीत हळद, कुंकू, अक्षता दिल्याच होत्या. पाण्यात कालवलेलं कुंकू त्या रंगावर धरेना, म्हणून दिव्यासाठी नेलेल्या तेलात कालवलं आणि प्रत्येक पेटीच्या उजव्या अंगाला, माझ्या कपाळाच्या उंचीवर, तळहाताएवढं स्वस्तिक काढलं. अगदी मन लावून, तेल हात न आखडता. मामांनी नारळ फोडला.

मनापासून सांगितलं आईला, दोन महिन्यांनी काम दिलंस, हात दिलास, मी विसरणार नाही.

मग कोरड्या फडक्यानं सगळी स्वस्तिकं पुसून काढली. डागसुद्धा ठेवला नाही. हे सांगतात ना, चिकटवण्याआधी स्वच्छता. मी ऐकते त्यांचं.

९ ऑक्टोबर, सोमवार

बसला! वाघ बसला!

डावं अंग सतराच्या पाढ्यात, उजवं एकोणीसच्या. शेपटीजवळ एक सुरकुती आली होती, स्टिकर परत उचलून हेअर ड्रायरची ऊब दिली आणि पट्टी फिरवली, गेली. कडेचं जास्तीचं कटरनं सरळ रेघेत कापलं. दिग्विजयदादा आले, लांबून बघितलं, जवळून बघितलं. "वहिनी, हे तुम्ही केलंय?" मी म्हटलं, "ह्यांनी शिकवलंय." म्हणाले, "करा मग बाकीच्या."

जीपमधून येताना मी अनोळखी बायकांशीही हसून बोलले. घरी सांगितलं तर ह्यांचे डोळेच भरले. इतकं काय, एक पेटी तर झालीय. आत्यांनी मीठमोहरीनं माझी दृष्ट काढली.

१० ऑक्टोबर, मंगळवार

दृष्ट काढली तरी लागलीच.

सकाळी जाऊन बघते तर उजव्या अंगाच्या वाघाच्या कपाळावर टेंगूळ. तळहाताएवढं. डावा वाघ गुळगुळीत. बारीक सुई टोचून हवा काढली, ऊब दिली, दाबलं. बसलं. दुपारी ऊन चढलं तसं परत वर आलं. कुणाला सांगितलं नाही. दुसरी पेटी घेतली.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

दुसरीलाही. तिसरीलाही. दर वेळी उजवंच अंग, तिथंच कपाळावर. माझ्याच हातात खोट असणार. उजव्या अंगाला उभं राहिलं की माझा कोपर भिंतीला लागतो, त्यानं तिथं जोर कमी पडत असेल. म्हणून तिसरी पेटी फिरवून घेतली. तरी तेच.

ह्यांना विचारलं. म्हणाले, "फवारा जास्त झाला का? कडा दाबल्या का? पुसून घेतलंतं का नीट?"

म्हटलं, "डाग ठेवला नाही एवढं पुसलंय."

ते विचारात पडले. मला वाटतं त्यांनाही कळून चुकलंय, बायकोच्या हातात ते नाही. बोलून दाखवत नाहीत एवढंच. असा नवरा मिळायला नशीब लागतं.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज जे झालं ते लिहायची लाज वाटतेय, पण लिहायचंच.

दिग्विजयदादांनी तिन्ही टेंगळं बघितली आणि सरळ गुंडाप्पा मामांना बोलावलं. "मिस्त्री, ओलं प्लायवूड वापरलंय तुम्ही. आतून वाफ येऊन फुगतंय ते. वहिनींच्या कामात काही नाही, डावी बाजू बघा की. सगळ्या पेट्यांची उजवी फळी तुमच्या खर्चानं बदलून द्यायची."

मामा म्हणाले, "मालक, लाकूड माझं वल्लं न्हाय."

"मग हे काय आहे?"

मामांनी फळीवर बोटानं टकटक केलं, कान लावला. आणि मी तिथंच उभी होते, हातात पट्टी धरून. मला वाटत होतं की चूक माझ्या हाताची आहे. तोंडातून शब्द फुटला नाही. उलट, खोटं कशाला लिहू, मनात एकदा 'सुटले' असं आलं.

घरी भाकरी गेली नाही. ह्यांच्या खाटेखाली झाडताना पेन्सिलीचा भुगा निघाला. हे झोपल्यावर आत्या तिथं बसून लिहीत असणार. म्हटलं, "आत्या, डोळ्यांना ताण देऊ नका, उजेडात बसत जा."

"कशाचा ताण? म्या तर शेंगा फोडायलेय."

किती पक्क्या! त्या आहेत म्हणून आज घटकाभर तरी हसले.

१४ ऑक्टोबर, शनिवार

सर्वपित्री अमावस्या. आज नवी पेटी हाती घ्यायची नाही, आत्यांचा हुकूम. पण जुनं काढायला हरकत नाही म्हणाल्या. म्हणून सकाळी पितरांची वाडी दाखवून झाल्यावर एकटीच हॉटेलवर गेले. म्हटलं, तिसऱ्या पेटीचा वाघ सोलून तरी बघू, आत काय दडलंय.

ड्रायरची ऊब देत वरून सावकाश उतरवत आले. कपाळापाशी स्टिकर नुसता सुटून हातात आला, चिकटलेलाच नव्हता. उलटा करून उजेडात धरला.

गोंदावर फिकट गुलाबी रंगात चार हातांचं काहीतरी उमटलेलं होतं. मी ते बघत राहिले. मग पेटीवर हात फिरवला, बोट बुळबुळीत झालं. नाकाशी नेलं. तेल. आमच्या देवघरातलं.

माझंच स्वस्तिक! कुंकू पुसलं मी, तेल कुठं पुसलं? ते रंगात मुरलं आणि ऊन चढलं की घामासारखं वर येत होतं. आठही पेट्यांना मीच माझ्या हातानं, भक्तिभावानं, टेंगूळ लावून ठेवलं होतं.

आधी हसले. रिकाम्या हॉलमध्ये मोठ्यानं. हातात खोट नाही, हातात खोट नाही, असं दोनदा म्हटलं. मग मामांचा चेहरा आठवला, फळीला कान लावलेला, आणि खाली बसले.

देवी, तू काही चुकलं नाहीस. मी तुझं नाव घेऊन तेल ओतलं आणि दुसऱ्या कुणावर तरी आळ येऊ दिला.

१५ ऑक्टोबर, रविवार

घट बसवले आणि तशीच निघाले. ह्यांना काल सगळं सांगितलं होतं. म्हणाले, "जाऊन बोल. काम गेलं तर जाऊ दे, पण मिस्त्रीवर ठेवू नको." म्हटलं, "तुम्ही येता का?" तर म्हणाले, "तुझं काम हाय. तूच बोल."

दिग्विजयदादा आणि मामा दोघंही तिथंच होते. मी तो स्टिकर उलटा करून टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. तेल, कुंकू, कोरडं फडकं.

दादांनी त्या गुलाबी खुणेवरून बोट फिरवलं. "वहिनी, परवा मी मिस्त्रींना बोललो तेव्हा तुम्ही इथंच होता."

"होते. ऐकत उभी होते. तेव्हा तेलाचं ठाऊक नव्हतं, पण चूक माझी आहे असं वाटत होतं. तरी बोलले नाही."

ते म्हणाले, "मी सोलापूरवाल्यांना सांगून ठेवलंय. उद्या येतायत."

संपलं, असं वाटलं. मी पट्टी पिशवीत घातली. मामांकडं वळून म्हटलं, "मामा, माझं चुकलं, माफ करा." खाली वाकले तर मामांनी मागं सरकून हात वर केले आणि माझ्याशी न बोलता दादांशीच बोलले.

"मालक, चूक कळल्याली बाई सोडून, चूक न कळल्याला माणूस कशाला आणताव? सोलापूरचा माणूस बी ह्याच पेट्यांवर चिकटवणार. त्याला तेल कुठं हाय ते ठाव न्हाय. हिला ठाव हाय."

दादा एकदम हसायला लागले. "आणि नारळ कुणी फोडला होता, मिस्त्री?"

"म्याच की." मामाही हसले. "म्या बी बघितलं, म्या बी हात जोडले. वरून पुसून काय होतंय अक्का, तेल पोटात गेलंय. थिनरनं काढू, वरून परत रंगाचा हात मारतो."

दादांनी मुदत दिली, शुक्रवारपर्यंत. मी रडले. चारचौघांत रडायची मला सवय नाही. ज्या माणसावर माझ्यामुळं आळ आला त्यानंच माझी बाजू घेतली. हे ऋण कशानंच नाही फिटायचं, फक्त लिहून ठेवते.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

मामांनी काल आठही पेट्यांची कपाळं थिनरनं पुसली, घासली, रंगवली. स्टिकर एकच जादा आहे, तो तिसऱ्या पेटीला. पहिल्या दोन्हींचे सोडवून तेच परत बसवायचे, म्हणजे सगळ्यात अवघड. सहा फुटांचा स्टिकर एकटीला उचलवत नाही, गोंद एकमेकांना चिकटला तर संपलंच. म्हणून आज ह्यांना बरोबर नेलं.

ह्यांनी वरची दोन टोकं धरायची, मी खालून सावकाश लावत यायचं. पहिला बसला. दुसरा लावताना मी अकराच्या पाढ्यात होते आणि ह्यांच्या उजव्या हातातलं टोक सुटलं. स्टिकर वाकला, वाघाच्या पोटाशी गोंदाला गोंद चिकटला. मी ओरडले, "अहो, नीट धरा ना! एवढं एक काम सांगितलं तर!"

ते म्हणाले, "धरतो की."

मग त्यांनी टोक डाव्या हातात घेतलं आणि दुसरं कोपरानं भिंतीशी दाबून धरलं. अर्धा तास. चिकटलेला भाग ऊब देऊन सोडवला, देवाच्या दयेनं फाटला नाही. बसला. येताना जीपमध्ये मला वाईट वाटत होतं. ते खिडकीबाहेर बघत होते, तुळजापूरला पायी निघालेल्यांची रांग लागली होती. म्हटलं, "रागावलात?" म्हणाले, "तुझा हात बघत हुतो दिवसभर. लई सैल पडलाय आता." एवढं ओरडूनही कौतुकच.

मागच्या पानावर आता पूर्ण शब्द यायला लागलेत. 'शेंगा', 'वाघ', 'येडशी'. आत्यांनी ओळ पकडली. लाल पेननं 'फार छान'.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

आठ पेट्या. सोळा वाघ. एकालाही टेंगूळ नाही.

आज भर दुपारी तीन वाजता, सगळ्यात जास्त तापलेल्या वेळी, प्रत्येक कपाळावर हात ठेवून आले. ताप बघतात तसा. गुळगुळीत.

कुणाकुणाचे आभार मानू? आत्यांचे, बांगडीच्या युक्तीसाठी. मामांचे, ते तर झालेच. दादांचे, हसल्याबद्दल. त्या जीपवाल्याचे, रोज माझी पट्टीची पिशवी मांडीवर घेणाऱ्या अनोळखी बाईचे, बालवाडीतल्या पोरांचे ज्यांच्यामुळं पाढे राहिले. आणि ह्यांचे. ह्यांनी 'घरचंच माणूस हाय' म्हटलं नसतं तर मी अजून भिंतीकडंच बघत असते.

२२ ऑक्टोबर, रविवार

दिग्विजयदादा दुकानात आले. हॉटेलच्या काचांचं सगळं काम दिवाळीपर्यंत आम्हीच करायचं म्हणाले. मी म्हटलं, "हो, तोवर ह्यांचा हातही बरा होईल, मग तुम्हाला खरं काम बघायला मिळेल."

दादांनी ह्यांच्याकडं बघितलं. हे पंख्याकडं बघत होते. पंखा बंद होता.

२३ ऑक्टोबर, सोमवार

खंडेनवमी. हत्यारांची पूजा. सकाळी दुकान धुतलं, पाटावर कटर, पट्टी, फवाऱ्याची बाटली, ड्रायर मांडला. हे आणि आत्या बाहेर झेंडूची माळ करत होते. म्हटलं, पूजेआधी आत्यांना आजचा धडा घालून ठेवावा. डायरी मागून उघडली.

पानभर लिहिलेलं होतं. अक्षरं मोठी आणि तिरकी, पण एकही ओळ सोडून खाली गेलेली नव्हती. जसंच्या तसं उतरवते:

'उजवा हात आता येणार नाही. नस तुटली आहे. बँडेज काढलं त्याच दिवशी डॉक्टर बोलले. तुला सांगायला तोंड उघडेना. मग म्हणलं तू नवीन शिकायलीस तर आपण पण डाव्या हातानं शिकावं. पुढची पानं वाचली नाहीत, मागूनच उघडतो. आईला यातलं माहीत नाही, शेंगा खरंच फोडते. तुझी विद्यार्थिनी, कडूबाई.'

तीन वेळा वाचलं. तिसऱ्यांदा 'विद्यार्थिनी'पाशी हसू आलं आणि तिथंच रडूही आलं. 'नीट धरा ना' म्हणाले होते मी. सहा फुटांचा स्टिकर कोपरानं दाबून उभे होते, आणि माझं काय, तर पाढे चालू. आत्यांना तर चार तारखेलाच कळलं होतं, हात मांडीवर घेतला तेव्हा. चाळीस वर्षं हात बघितलेल्या बाईला कुणी सांगावं लागतंय होय. कळलं नाही ते फक्त मला, जिला टेंगूळ तीनदा आल्याशिवाय काहीच कळत नाही.

डोळे पुसले. खाटेखाली हात घातला, अर्ध्या बोटाएवढी पेन्सिल मिळाली. ती नेऊन पाटावर ठेवली, पट्टी आणि कटरच्या मधे. सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, कोरडं, तेलाचा थेंब नाही. पेन्सिलीलाही वाहिलं.

आत्या माळ घेऊन आत आल्या. "पेन्सिल कशाला गं पूजेत?"

"हत्यारच आहे ते, आत्या."

हे दारात उभे होते. पाटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. पुढं येऊन डाव्या हातानं एक झेंडूचं फूल उचललं आणि माझ्या पट्टीवर ठेवलं. फूल घरंगळून खाली पडलं. परत उचलून ठेवलं, या वेळी राहिलं.

पूजा झाल्यावर मागच्या पानावर लाल पेननं 'शाब्बास' लिहिलं. 'कडूबाई' खोडलं नाही. त्याखाली गिरवायला उद्याची ओळ घातली, सुबक अक्षरात:

बालाजी